डिफायन्स म्हणजे नेमकं काय? अवज्ञा, विरोध की आव्हान?

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहितेय, दक्षिण आफ्रिकेतल्या १९५२ च्या डिफायन्स कॅम्पेनवर. म्हणजे मंडेला आणि बाकीच्यांनी वर्णभेदाचे कायदे ठरवून मोडले ते आंदोलन. माहिती जमली, फोटो मिळाले, सगळं झालं आणि शीर्षकापाशी येऊन गाडी अडली. डिक्शनरीत डिफायन्सच्या पुढं अवज्ञा, आज्ञाभंग, धिक्कार, अवहेलना, आव्हान असं सगळं एका ओळीत लिहून मोकळे झालेत. आता मला सांगा, अवज्ञा आणि आव्हान हे एकाच शब्दाचे अर्थ कसे काय असतील? अवज्ञा करणारा पाठ फिरवून निघून जातो, आव्हान देणारा समोर येऊन उभा राहतो.

सविनय कायदेभंग लिही असं मैत्रीण म्हणाली, पण तो शब्द आपल्याकडं १९३० च्या चळवळीला इतका चिकटलाय की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर दांडीच येणार, आणि मुळात तो सिव्हिल डिसओबिडियन्सचा मराठी शब्द आहे. त्या लोकांनी डिसओबिडियन्स न म्हणता डिफायन्स म्हटलंय म्हणजे काहीतरी फरक असणारच की. करवीर नगर वाचन मंदिरात बसून जाड जाड डिक्शनऱ्या उलटल्या, मराठी अर्थ सगळीकडं तेच. हा शब्द मुळात आला कुठनं आणि त्याच्या पोटात काय आहे हे कुणाला नीट माहीत असेल तर सांगा ना प्लीज. पुढच्या आठवड्यात बोर्डावर लावायचंय.

मधली_सुट्टी:
चांगला प्रश्न आहे. मी पण थांबतो इथं, उत्तरं वाचायची आहेत.

शब्दांचा_नाद:
ताई, सगळी गोम त्या मधल्या "फाय" मधे आहे. लॅटिनमधे फिडेस म्हणजे विश्वास, इमान, दिलेला शब्द. त्याच्या आधी "डिस" लागलं की ते तुटलं, सुटलं. रोमन साम्राज्य मोडल्यावर लोकांच्या तोंडी जी लॅटिन राहिली तिच्यात यावरून "दिलेलं इमान परत घेणं" अशा अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधे गेलं, आणि नॉर्मन लोकांनी १०६६ ला इंग्लंड जिंकल्यापासून तिथल्या दरबारात फ्रेंच चालायची त्यामुळं तिथनं इंग्रजीत शिरलं. इंग्रजीत डिफाय साधारण १३०० च्या आसपास सापडायला लागतो. आणि तेव्हा त्याचा अर्थ "तुमचं ऐकत नाही जा" असा नव्हता, "आजपासून मी तुमचा माणूस नाही" असा होता.

हे कळायला त्या काळची पद्धत बघायला पाहिजे. सरदार राजाकडनं जमीन घ्यायचा तेव्हा कमरेची तलवार सोडून, डोकं उघडं ठेवून राजापुढं गुडघे टेकायचा, दोन्ही हात जोडून पुढं करायचा आणि राजा ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांच्या मधे धरायचा. मग सरदार म्हणायचा की मी तुमचा माणूस झालो. त्यानंतर बायबलवर नाहीतर संतांच्या अवशेषांवर हात ठेवून निष्ठेची शपथ. लक्षात घ्या, ही शपथ एकाच बाजूला बांधणारी नव्हती, राजानं पण संरक्षण द्यायचं, न्याय द्यायचा, जमीन काढून घ्यायची नाही. आता राजाच शब्दाला जागला नाही तर काय करायचं? सरदारानं गुपचूप तयारी करून हल्ला केला तर तो सरळ सरळ द्रोह. पण आधी माणूस नाहीतर पत्र पाठवून जाहीर कळवलं की तुम्ही तुमचा शब्द मोडलात म्हणून मी माझी निष्ठा परत घेतोय, तर पुढं जे होईल ते दोघांतलं युद्ध. या कळवण्याला त्या काळच्या लॅटिन कागदपत्रांत डिफिदात्सिओ म्हणायचे. राजे लोक ते मान्य करायचेच असं नाही, पण सरदारांचा दावा हाच असायचा. इंग्लंडच्या जॉन राजाला त्याच्या सरदारांनी १२१५ च्या मे महिन्यात असंच कळवलं, त्याच महिन्यात लंडन ताब्यात घेतलं, आणि १५ जूनला रनीमीडच्या कुरणात राजाला मॅग्ना कार्टा मान्य करायला लागला.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की अवज्ञा आणि आव्हान हे दोन्ही त्या एकाच कळवण्यातनं निघालेत. निष्ठा परत घेतली असं कळवलं की पुढं लढाईच, म्हणून डिफायन्सचा अर्थ "लढाईला बोलावणं" झाला. मग सरंजामशाही गेली, शपथा गेल्या, आणि अठराव्या शतकापर्यंत "समोरासमोर न जुमानणं" हा आजचा अर्थ पक्का बसला. पण एक गोष्ट कुठंच सुटली नाही, ती म्हणजे समोरच्याला कळलंच पाहिजे. लपून केलेल्या गोष्टीला कुणी डिफायन्स म्हणत नाही. रात्री गुपचूप सिग्नल तोडला तर तो नियमभंग. पोलिसाच्या डोळ्यात बघून सांगितलं की हा नियम अन्यायाचा आहे, मी तो मानत नाही, माझं नाव लिहून घ्या, तर तो डिफायन्स.

बावडा_कोर्टवाले:
वरचं उत्तर एक नंबर. मी वकिली करतो त्यामुळं त्या फिडेसची बाकीची भावंडं रोज हातात असतात म्हणून भर घालतो. शाळेतनं आणतो ते बोनाफाईड, त्यातलं फाईड म्हणजे तेच फिडेस, "खऱ्या विश्वासानं". ॲफिडेव्हिट पण त्यातलंच, लॅटिनमधे ते चक्क पूर्ण वाक्य आहे, "त्यानं शपथेवर सांगितलंय". कॉन्फिडन्स, फिडेलिटी, लग्न ठरलेल्या मुलासाठी फियान्से म्हणतात तो, सगळं एकाच घरातलं. त्यामुळं ॲफिडेव्हिट आणि डिफायन्स हे सख्खे चुलत, एकात शब्द दिला जातो आणि दुसऱ्यात तो परत घेतला जातो. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तिथं सहा जिल्ह्यांतले पक्षकार येतात आणि ॲफिडेव्हिट हा शब्द शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला पण पाठ असतो. मुळातला अर्थ सांगितला की मात्र थांबून ऐकतात, कारण शपथेवर सांगणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या कामाचा मुद्दा असा. १९७१ च्या कोर्टाच्या अवमानाच्या कायद्यात दिवाणी अवमानाची व्याख्या "जाणूनबुजून केलेला आज्ञाभंग" अशी आहे, तिथं डिसओबिडियन्स हाच शब्द वापरलाय. एखाद्यानं मनाई हुकूम असताना गुपचूप भिंत बांधली तर कायद्याला तेवढं पुरतं, त्यानं कोर्टाला काही कळवायची गरज नाही. पण तोच माणूस उभा राहून म्हणाला की हा हुकूम मी मानतच नाही, तर इंग्रजीत जज ओपन डिफायन्स असं लिहितात. म्हणजे डिसओबिडियन्समधे हुकूम मोडला जातो, डिफायन्समधे हुकूम देणाऱ्याचा अधिकारच नाकारला जातो. तुमच्या दक्षिण आफ्रिकेच्या लोकांना यातलं दुसरं, म्हणजे अधिकार नाकारणंच, म्हणायचं होतं असं मला वाटतं.

लाल_माती:
आपल्याला लॅटिन बिटिन काय येत नाही पण "लढाईला बोलावणं" वाचलं आणि लगेच आपलं खासबागचं कुस्तीचं मैदान आठवलं. अहो हे तर शड्डू ठोकणं झालं की! पैलवान हौद्यात उतरला, माती कपाळाला लावली, मांडीवर आणि दंडावर थाप मारून शड्डू ठोकला की तो आवाज वरच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसाला पण जातो, आणि जायलाच पाहिजे, कारण ते जाहीर सांगणं असतंय की मी उभा आहे, ये. गुपचूप कुणी शड्डू ठोकत नाही. १९१२ पासून ते मैदान हे ऐकतंय. पेपरात पण येतं की अमुक नेत्यानं तमुकाविरुद्ध शड्डू ठोकला, तिथं कुस्ती नसते, उघड आव्हान असतं. ताई, शीर्षकात शड्डू घाला, कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला लागणार नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दांचा_नाद दादा, तुम्ही ते जोडलेले हात लिहिलंय ना, त्यानं मला सगळं एकदम लागलं. आणि एक गोष्ट जुळली, मी लेखात लिहिलीच होती पण तिचं महत्त्व कळलं नव्हतं. जानेवारी १९५२ मधे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं, म्हणजे मंडेलांच्या संघटनेनं, पंतप्रधान मलानना पत्र पाठवलं होतं, की हे हे कायदे २९ फेब्रुवारीच्या आत रद्द करा नाहीतर आम्ही ते मोडू. मलाननी नकार दिला. ६ एप्रिलला देशभर सभा झाल्या, कारण त्या दिवशी गोरे लोक तिथं उतरून ३०० वर्षं झाल्याचा सरकारी सोहळा होता, आणि २६ जूनला प्रत्यक्ष कायदे मोडायला सुरुवात. म्हणजे आधी पत्र, मग मुदत, मग कृती. हे तर तुमच्या त्या डिफिदात्सिओसारखंच झालं!

लाल_माती काका, शड्डू मला फार आवडला पण या आंदोलनात कुणावर हात उचलायचा नाही हा नियमच होता, म्हणून थोडी अडचण वाटतेय.

गडवाटा:
शड्डूबद्दल माझी पण हरकत आहे पण वेगळ्या कारणानं. शड्डू बरोबरीतल्या दोघांत असतो, वजनगट बघून जोड लावतात. डिफाय मात्र बहुतेक वेळा खालच्यानं वरच्याला केलेलं असतं, आणि तिथंच त्याची धार आहे. दोन राजांत सुद्धा बघा. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड स्वतः राजा, पण फ्रान्समधल्या आपल्या मुलखासाठी तो फ्रान्सच्या राजाचा सरदार लागायचा, त्यासाठी १३२९ ला आमियाँला जाऊन त्यानं निष्ठेचा विधी केला होता. १३३७ ला फ्रान्सच्या राजानं तो मुलूख जप्त केला, आणि एडवर्डनं एका बिशपच्या हाती पॅरिसला डिफायन्सचं पत्र पाठवलं. शंभर वर्षांचं युद्ध म्हणतात ते तिथनं सुरू. राजा असून पण त्याला आधी ती निष्ठा परत घ्यायला लागली मगच लढाई.

आणि यासाठी आपल्याला युरोपात जायची गरज नाही. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव आपल्या जिल्ह्यातला. गडकरी म्हणजे सामानगड, भुदरगड, पन्हाळा अशा किल्ल्यांवरची पिढीजात शिबंदी. गड राखायचा आणि त्याबदल्यात जमिनी खायच्या, म्हणजे हे सुद्धा इमानावर चाललेलं नातंच. छत्रपती लहान होते, कारभार इंग्रजांनी नेमलेल्या माणसाच्या हातात गेला, आणि गडकऱ्यांची जुनी व्यवस्था मोडून त्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली घालायला सुरुवात झाली. त्यावर सामानगडच्या गडकऱ्यांनी काय केलं, तर गडाचे दरवाजे लावून घेतले. मी गडहिंग्लजकडनं सामानगडावर बऱ्याचदा जातो, वर उभं राहिलं की कळतं की दरवाजा लावणं हे केवढं मोठं बोलणं आहे. खालच्या सगळ्या मुलखाला ते दिसतं. आतले लोक कालपर्यंत ज्या सरकारसाठी दरवाजा राखत होते त्याच सरकारला आज दरवाजा बंद. इंग्रजांना तोफा आणून गड घ्यावे लागले.

इंग्रजांच्या कागदात याला रिबेलियन, इन्सरेक्शन असले शब्द आहेत आणि ते शब्द काय सांगतात ते पण बघा. रिबेलमधे लॅटिन बेलम म्हणजे युद्ध, "परत युद्ध", म्हणजे जिंकून घेतलेल्यांनी पुन्हा उचल खाल्ली. हा जिंकणाऱ्याच्या बाजूनं तयार झालेला शब्द आहे. १८५७ ला इथं कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला, त्याला म्युटिनी म्हटलं, त्यात हालचाल, खळबळ एवढंच आहे आणि तो शिपायांनाच लावतात. या शब्दांत तुम्ही दिलेला शब्द मोडलात हे कुठंच येत नाही. डिफायन्समधे मात्र ते मुळातच आहे. म्हणून हा शब्द मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो, त्यात उठणाऱ्याची बाजू आहे.

शब्दांचा_नाद:
गडवाटा, दरवाज्याचं उदाहरण फार नेमकं दिलंत. फक्त लाल_माती काकांचं पण अगदी चूक नाही. फ्रेंचमधे आज देफी म्हणजे निव्वळ आव्हान, बरोबरीच्यांतलं सुद्धा चालतं, आणि इंग्रजीत "आय डिफाय यू टू" असं म्हणतात तिथं अर्थ "करून दाखव बघू" एवढाच असतो. डिफाय्ज डिस्क्रिप्शन म्हणतात तिथं तर वर्णनालाच आव्हान, आपण म्हणतो शब्दात सांगता येत नाही. त्यामुळं शड्डूचा अर्थ पण त्या शब्दात राहतोय, शीर्षकासाठी तो नको एवढंच.

जाता जाता, रिकॅल्सिट्रंट म्हणून पण एक शब्द आहे, त्यात लॅटिन टाच आहे, मागं लाथ झाडणारं जनावर. आपण पण म्हणतोच की लाथा झाडतोय. तो चिडचिडीचा शब्द, तुमच्या लेखाला काही उपयोगाचा नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
एक शंका आलीय. दादा तुम्ही फिडेसला इमान म्हटलंत. मग "डिस" आणि "फिडेस" जोडलं की सरळ बेइमान होतंय की! पण बेइमान तर शिवी आहे आणि डिफायन्स कौतुकाचा शब्द. एकाच घडणीचे दोन शब्द असे उलट्या दिशेला कसे काय गेले?

पेठेतला_मास्तर:
पोरी, हा प्रश्न तुझ्या पहिल्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. मी शाळेत मराठी शिकवायचो, आता रिटायर आहे, थोडं सविस्तर सांगतो.

इमान हा मूळ अरबी शब्द, श्रद्धा, विश्वास. बे हा फारसी, नसणं दाखवणारा, बेफिकीर, बेकायदा, बेजबाबदार यातला. दोन्ही फारसीतनं आपल्याकडं आले आणि इतके मुरले की इमाने इतबारे असं आपण सहज म्हणतो. तुझी जोडणी बरोबर आहे, घडण अगदी तीच. फरक पडतो तो बे आणि डिस मधे. बे म्हणजे "नाही". बेइमान म्हणजे ज्याच्याकडं इमान नाहीच, कधी नव्हतं किंवा कुणाच्या नकळत संपलं. समोरचा अजून विश्वासून बसलाय आणि याच्या मनात मात्र ते उरलेलं नाही. डिस म्हणजे "सोडवून वेगळं करणं", ती क्रिया आहे. इमान होतं, ते मी तुझ्यासमोर सोडवून परत घेतलं, आता तुला माहीत आहे. त्यामुळं बेइमानी ही नेहमी पाठीमागं होते आणि डिफायन्स नेहमी तोंडावर. ज्यानं तोंडावर सांगितलं त्याला बेइमान म्हणता येत नाही, त्यानं विश्वासात ठेवून गळा कापलेला नाही. नमकहराम हा शब्द पण असाच, मीठ खात राहून उलटलेला. मीठ सोडून, सांगून बाहेर पडलेल्याला आपल्या लोकांनी कधी नमकहराम म्हटलं नाही.

आता मराठीत मग जवळचा शब्द कुठला. अवज्ञा संस्कृत, त्यात "अव" म्हणजे खाली आणि "ज्ञा" म्हणजे जाणणं, कमी लेखणं. त्यात तुच्छता आहे, अन्यायाचा हिशेब नाही, म्हणून तुला तो खटकला. धिक्कारात नुसता शब्द आहे, कृती नाही. विरोधात जाहीरपणा असेलच असं नाही. माझ्या मते क्रियापदाकडं जा. झुगारणं. बैल जू झुगारून देतो, माणूस हुकूम झुगारतो. मानेवर काहीतरी होतं आणि ते सगळ्यांदेखत फेकून दिलं, दोन्ही त्यात आलं. पेपरात जमावबंदीचा आदेश झुगारून मोर्चा काढला असं येतं तेव्हा कुणी लपून मोर्चा काढलेला नसतो. धुडकावणं पण आहे पण त्यात मस्ती जास्त. न जुमानता हा रोजचा, थोडा फिका. झुगारणं घे.

उचगावची_आई:
हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलाच्या, सातवीत आहे तो, शाळेच्या शेऱ्यात डिफायंट असं लिहून आलं. मी डिक्शनरी बघितली तर उद्धट, उर्मट असलेच अर्थ. मला फार वाईट वाटलं. झालं काय होतं तर वर्गात एका मुलाला चुकीची शिक्षा झाली आणि हा उभा राहून म्हणाला की त्यानं केलं नाही, मी बघितलंय, मग यालापण बाहेर उभं केलं आणि हा गेलाच नाही, जागेवर उभा राहिला. मी शाळेशी बोलले आणि त्या बाई समजूतदार आहेत, पण तो शब्द वहीत तसाच आहे. आता इथं वाचून मला वेगळंच वाटायला लागलंय. डॉक्टर लोकांच्या भाषेत पण डिफायंट हा मुलांच्या एका आजाराच्या नावात आहे असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

शब्दांचा_नाद:
ताई, आहे, पण घाबरू नका. अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर असं त्याचं नाव. ते ठरवताना तज्ज्ञ बघतात की चिडचिड, वाद घालणं, मुद्दाम त्रास देणं अशा बऱ्याच गोष्टी निदान सहा महिने सतत चालू आहेत का आणि त्यानं मुलाचं घरचं, शाळेतलं जगणं बिघडलंय का. एका दिवशी मित्राच्या बाजूनं उभं राहिलेल्या मुलाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आणि तुम्हाला एक सांगतो. आजच्या फ्रेंचमधे देफियाँस म्हणजे अविश्वास. आपल्या इंग्रजी डिफायन्सचा तो सख्खा भाऊ, पण तिकडं आव्हानाचा अर्थ गळून अविश्वास उरलाय. इंग्रजीतच डिफिडंट बघा, लॅटिनमधल्या त्याच मुळातनं आलेला, पण ज्याचा स्वतःवरच विश्वास नाही असा लाजरा माणूस. डिफायंट आणि डिफिडंट दिसायला जुळे आणि स्वभावानं एकदम उलटे. दोन्हींत विश्वास हललेला आहे, एकाचा स्वतःवरचा आणि एकाचा समोरच्यावरचा. तुमच्या मुलाचा त्या क्षणी शिक्षेवरचा विश्वास उडाला आणि त्यानं तो लपवला नाही, बाईंच्या समोर उभं राहून सांगितला. शब्द तसा बरोबरच पडलाय, उर्मट हा अर्थ मात्र त्यात मावत नाही.

पेठेतला_मास्तर:
मी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पोरांत राहिलोय, त्यामुळं एवढंच म्हणतो की पाठीमागं टिंगल करणारी पोरं वर्गात ढीगभर असतात, तोंडावर सांगणारं एखादंच. त्या पोराला माझा आशीर्वाद सांगा.

उचगावची_आई:
सर, डोळ्यात पाणी आलं. सांगते त्याला.

भाऊसिंगजी_रोड:
कोल्हापुरात डिफायन्सची चर्चा चाललीय आणि गंगाराम कांबळेंचं चहाचं दुकान अजून कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. पाणवठ्याला शिवले म्हणून ज्यांना मारहाण झाली त्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावलं, आणि गिऱ्हाईक येईना तेव्हा स्वतः गाडी थांबवून भर रस्त्यात तिथला चहा प्यायला सुरुवात केली, बरोबरच्या बड्या बड्या लोकांना पण पाजला. घरात मागवून पण पिता आला असता की. पण मग ते कुणाला कळलं असतं? वरती म्हटलंय ना समोरच्याला कळलंच पाहिजे म्हणून, ते इथं बघा. रूढीला तोंड नसतं, तिला पत्र पाठवता येत नाही, म्हणून गावासमोर करून दाखवायला लागतं.

गडवाटा:
उदाहरण मोठं आहे पण मी परत तेच म्हणणार की महाराज वरच्या जागेवर होते. खालच्यानं वरच्याला, हा भाग तिथं नाही.

भाऊसिंगजी_रोड:
सत्तेनं वर होते, मान्य. पण रूढी त्यांच्यापण वर होती, वेदोक्ताच्या वेळी, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करायला पुरोहितांनी नकार दिला तेव्हा, खुद्द महाराजांना ती भोगायला लागली होती. त्या चहाच्या कपात खरा डिफायंट माणूस तर गंगाराम कांबळे, मार खाल्ल्यावर भर वस्तीत दुकान मांडून आपल्या हातचा चहा विकायला बसायचं याला काय म्हणणार? महाराज पाठीशी होते हे खरंच, पण रोज सकाळी फळी उघडायला तेच जात होते.

गडवाटा:
हे मात्र मान्य. याच्यावर माझं काही म्हणणं नाही.

बावडा_कोर्टवाले:
राजारामपुरीच्या ताईंना एक विचारायचंय. त्या १९५२ च्या आंदोलनात कायदा मोडायच्या आधी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष कळवायचे का? नुसतं पंतप्रधानांना पत्र आणि मग अचानक कृती असं असेल तर गोष्ट थोडी वेगळी होते.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
हो दादा, ते मी आता परत जाऊन वाचलं. ठिकठिकाणी तुकड्या जायच्या आणि कुठं, कधी, कोण कायदा मोडणार हे पोलिसांना नाहीतर मॅजिस्ट्रेटला आधी कळवायचे. पोर्ट एलिझाबेथला पहिल्या दिवशी पहाटे स्वयंसेवक रेल्वे स्टेशनवर "फक्त युरोपियनांसाठी" लिहिलेल्या दारातनं गाणी म्हणत आत गेले, पलीकडं पोलीस थांबलेलेच होते. जोहान्सबर्गजवळ बोक्सबर्गला मंडेलांचे सहकारी वॉल्टर सिसुलू आणि नाना सीता यांची तुकडी होती, सीता मूळ गुजरातचे, गांधीजींच्या मार्गानं चालणारे. परवान्याशिवाय काळ्या लोकांच्या वस्तीत जायला भारतीयांना बंदी होती तर ते मुद्दाम तिथं गेले. पुढच्या काही महिन्यांत आठ हजाराच्या वर लोक तुरुंगात गेले. दंड भरून सुटता येत असताना सुद्धा बरेच जण दंड न भरता आत गेले. १९५३ ला सरकारनं नवे कायदे केले, निषेध म्हणून कायदा मोडणाऱ्याला फटके मारायची सुद्धा सोय त्यात केली, आणि आंदोलन थांबलं.

दंडाचा मुद्दा मला आधी कळायचाच नाही, पैसे भरून सुटायचं सोडून आत का बसले असं वाटायचं. आता वाटतंय की दंड भरला तर त्या कायद्याचा हिशेब चुकता केल्यासारखं झालं असतं, म्हणजे तो कायदा मानल्यासारखंच. मास्तर, बरोबर आहे का?

पेठेतला_मास्तर:
बरोबर. हे लेखात लिही, असंच्या असं लिही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
लिहिते. आणि शीर्षक ठरवलंय, "अन्यायी कायदे झुगारले: दक्षिण आफ्रिका, १९५२". त्या आंदोलनाच्या पूर्ण नावात अन्जस्ट लॉज असं आहेच, म्हणून अन्यायी हा शब्द माझ्या पदरचा नाही. खाली छोट्या चौकटीत फिडेस, बोनाफाईड, ॲफिडेव्हिट आणि बेइमान, एवढं घालणार आहे. चालेल ना सगळ्यांना?

लाल_माती:
चालेल काय, पळेल. शड्डू गेला त्याचं काही वाटत नाही, झुगारलं हा शब्द भारी बसलाय.

शब्दांचा_नाद:
"उघड" घाला त्यात. "अन्यायी कायदे उघड झुगारले". आणि स्टेशनच्या दाराचा फोटो मिळाला असेल तर तो सगळ्यात वर लावा, मंडेलांचा खाली चालेल.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
दाराचा आहे माझ्याकडं, थोडा अस्पष्ट आहे पण पाटी वाचता येतेय. तोच वर लावते.